नारायणगावचा कृष्ण, नाशिकचा कृष्ण आणि मधे एक वाइनरी

सासूबाईंना (पुढे आईच म्हणते) नाशिकला संगीत सौभद्र हे नाटक बघायचं होतं, नवऱ्याला वाइनरी बघायची होती आणि मला फक्त तीन-चार दिवस गॅस पेटवायचा नव्हता. तिघांचं एका गाडीत जमतंय म्हटल्यावर मार्चचा दुसरा आठवडा ठरला. तमाशा प्लॅनमध्ये नव्हताच, तो वाटेत भेटला, आणि खरं सांगायचं तर घरी येऊन पंधरा दिवस झाले तरी बोलणं जास्त त्याचंच चाललंय.

गुरुवार, पुणे ते नारायणगाव

निघायला बारा वाजले, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये जे व्हायचं ते झालं, तीनच्या सुमारास नारायणगाव. पुण्यापासून जेमतेम ७५ किलोमीटर, आणि नाशिकला जाताना इथून शंभर वेळा तरी गेलो असू पण चहापलीकडे कधी थांबलो नाही. या वेळी मासवडी खायची म्हणून उतरलो. मासवडी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नावात मास असलं तरी पूर्ण शाकाहारी, बेसनाच्या पोळीत तीळ-खोबरं-लसणाचं झणझणीत सारण भरून वळकटी करतात, कापतात आणि तर्रीदार रश्शाबरोबर बाजरीची भाकरी. मी रस्सा दोनदा घेतला आणि पुढचा तासभर नाक पुसत होते.

जेवून बाहेर आलो तर रस्त्याच्या कडेला ओळीनं राहुट्या. प्रत्येकीवर फडाच्या नावाचा मोठा फलक, आत गाद्या-लोड, एक टेबल, टेबलावर डायरी. गुढीपाडव्याच्या आधी राज्यातले तमाशा फड इथं राहुट्या टाकतात आणि गावोगावच्या जत्रा कमिट्या येऊन आपापल्या जत्रेची सुपारी ठरवतात, एवढं मी ऐकून होते. प्रत्यक्षात बघायला मजा येते. चार-पाच टोपीवाले पंच आत शिरतात, तारीख मोकळी आहे का, वग (म्हणजे तमाशातलं नाटक) कुठला, माणसं किती, लाइट-जनरेटर तुमचा का आमचा, मग आकड्यावर घासाघीस, मग एकदम उठून शेजारच्या राहुटीकडे चालायला लागल्याचं नाटक, मग परत बोलावणं. लग्नाच्या बैठकीत आणि यात फार फरक नाही.

आई एका राहुटीच्या दारात रेंगाळल्या. आत साठीच्या एक बाई पानाला चुना लावत बसल्या होत्या, त्यांनी "या की आत, उन्हात काय उभ्या" म्हटलं आणि चहा सांगितला. फडात पस्तीस वर्षं. दसऱ्याला बाहेर पडायचं ते बुद्धपौर्णिमेपर्यंत, सात महिने ट्रक हेच घर. विठाबाईंचा विषय निघणारच होता. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, १९३५ ते २००२, राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या, आणि त्यांची ती गोष्ट, की प्रयोग चालू असताना मागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. मी ती गोष्ट नेहमी शौर्यकथा म्हणून ऐकलेली. या बाई म्हणाल्या, "लोक टाळ्या वाजवत्यात ही गोष्ट ऐकून. मला तर रडू येतं बाई." त्यावर आम्ही तिघीही गप्पच झालो.

निघताना म्हणाल्या, आज रात्री शेजारच्याच गावात जत्रेला आमचा कार्यक्रम आहे, या. मला वाटलं आई हसून सोडून देतील. आई म्हणाल्या, "किती वाजता?" आणि नवऱ्याने नाशिकच्या हॉटेलला फोन करून एक रात्र पुढे ढकलली, नारायणगावातच एक बऱ्यापैकी लॉज मिळाला.

गुरुवार रात्र, जत्रा

देवळासमोरचं मोकळं मैदान, समोर पोती-चादरी टाकून बसलेले बाप्ये, बायका बहुतेक देवळाच्या पारावर आणि आजूबाजूच्या गच्च्यांवर. आम्ही पारावर. बायकांनी सरकून जागा दिली, एकीने विचारलं कुणाच्या पाव्हण्या, आई म्हणाल्या "फडाच्या". झालं, तिथून पुढे आम्हाला शेंगदाण्याचे लाडू यायला लागले.

ढोलकी सुरू झाली आणि सांगते, मोबाइलवर ऐकलेली ढोलकी आणि दहा फुटांवरची ढोलकी यांचा काही संबंध नाही. बरगडीत वाजते. आधी गण, गणपतीला बोलावणं. मग गवळण. गौळणी मथुरेच्या बाजाराला निघाल्यात, कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या वाट अडवून दाण, म्हणजे जकात, मागतायत, आणि मावशी, म्हणजे नऊवारी नेसलेला एक धिप्पाड माणूस, कंबरेवर हात ठेवून कृष्णाला जीएसटीची पावती मागते. मैदान फुटलं हसून. मग रंगबाजी, ती मात्र सगळी सिनेमाच्या गाण्यांवर, पुढची पोरं त्याच्यासाठीच आलेली, शिट्ट्याच शिट्ट्या. मला ते कंटाळवाणं झालं पण पारावरच्या आजी म्हणाल्या, "ते नसंल तर पोरं येत न्हाईत, पोरं न्हाई आली तर वग कुणाला दाखवायचा?" मुद्दा बिनतोड होता.

वग सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली असतील आणि पाऊस आला. मार्चमध्ये. आधी टपोरे थेंब, मग चांगलीच सर. लोक उठले नाहीत, चादरी डोक्यावर घेतल्या. पण मी बघत होते ढोलकीवाल्याकडे. पहिला थेंब पडल्याबरोबर त्याने वाजवणं थांबवलं, खांद्यावरचा टॉवेल ढोलकीला लपेटला आणि बाळाला घेतात तशी ती पोटाशी धरून वाकून बसला, स्वतःची पाठ भिजली तरी चालेल. तेवढा वेळ हलगी आणि तुणतुण्यावर काम भागवलं. पाऊस थांबल्यावर ढोलकी बाहेर काढली, दोन्ही तोंडांवर बोट मारून बघितलं, मान हलवली, आणि मग पेटीवाल्याच्या सुरावर कान ठेवून कड्या ओढत बसला. दमट हवेत चामडं सैल पडतं, सूर उतरतो. तो मनासारखा लागेपर्यंत सोंगाड्याने एकट्याने मैदान सांभाळलं, आणि वग जिथे थांबला होता तिथून नाही तर चार वाक्यं मागून सुरू झाला, म्हणजे आमचं काही चुकायला नको.

आईंचं लक्ष मात्र तोपर्यंत उडालं होतं. त्या आभाळाकडे बघत होत्या. त्यांचं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षाची बाग, आणि हे दिवस तोडणीचे. पिकलेल्या मण्यावर पाऊस पडला की मणी तडकतो, घडात एक तडकला की शेजारचे सडायला वेळ लागत नाही. रात्री बारा वाजता त्यांनी भावाला फोन लावला. मामा जागेच होते. तिकडे ढग आहेत, थेंब नाही. "झोप आता," असं दोघंही एकमेकांना म्हणाले आणि झोपलं कुणीच नसणार.

जायचं असेल तर: अंथरायला चादर, अंगावर घ्यायला शाल, सुट्टे पैसे, आणि स्टेजच्या जवळ पण स्पीकरपासून लांब जागा. बायकांनी जायला काही हरकत नाही, पारावर बसा, तिथली मंडळी तुम्हाला दत्तक घेतात. शूटिंग करायचं तर विचारून करा, कलाकारांना ते आवडत नाही आणि का आवडावं. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी, म्हणजे फडाचा सकाळचा छोटा कार्यक्रम, तीही बघा, रात्रीपेक्षा ती मोकळीढाकळी असते म्हणतात. आमचं जमलं नाही.

शुक्रवार, नाशिक

सकाळी निघालो. इथून जवळच खोडदला ती प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या काही लांबून दिसल्या. आई म्हणाल्या यात किती पुरण मावेल. आळेफाटा, संगमनेर, सिन्नर, मधे कुठे चहा, दुपारी नाशिक.

चारला गंगापूर रोडवरून वाइनरीकडे. सुलालाच गेलो, नवऱ्याचं म्हणणं पहिल्यांदा जातोय तर जिथून हे सगळं सुरू झालं तिथे जाऊ. तसं अगदी सुरुवात म्हणाल तर ऐंशीच्या दशकात नारायणगावलाच शॅम्पेनसारखी फसफसती वाइन बनायला लागली होती, म्हणजे आदल्या दिवशी आम्ही मासवडी खाल्ली त्याच गावात, हे मला परत आल्यावर कळलं. सुला १९९९ मध्ये राजीव सामंत यांनी काढली, आणि २००५ मध्ये इथे उघडलेली टेस्टिंग रूम ही देशातल्या वाइनरीतली पहिली. गाइड पोरगा म्हणाला की सुला हे नाव त्यांच्या आईच्या सुलभा या नावावरून आलंय. हे ऐकल्यावर आमच्या आईंनी नवऱ्याकडे असं काही बघितलं की तो म्हणाला, "आई, माझ्याकडे बँकेचं कर्ज आहे, त्याला देऊ का तुझं नाव?"

आई खरं तर "मी गाडीतच बसते" म्हणत होत्या. बागेपर्यंत आल्या आणि मग टूर त्यांचीच झाली. जानेवारीपासून तोडणी चालू होती, बराचसा माल निघाला होता, एका बाजूला शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षाच्या काही ओळी राहिल्या होत्या. आईंनी घड खालून तळहातावर घेतला, वजन केल्यासारखं. मणी बारके, हरभऱ्यापेक्षा थोडे मोठे, काळेभोर, एकमेकांना घट्ट चिकटलेले. "हा घड आमच्याकडे बाजारात कुणी उचलला नसता," म्हणाल्या. मग विचारलं, विरळणी करत नाही वाटतं? डिपिंग? पोरगा पहिल्यांदा नीट उभा राहिला.

मग आईंनीच आम्हाला सांगितलं. खायच्या द्राक्षाला एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, मग घड धरल्यावर बायका कात्र्या घेऊन एकेका घडातले मणी कापून जागा करतात, आणि औषधाच्या मगात प्रत्येक घड हातानं बुडवायचा, म्हणजे मणी फुगतो, लांब होतो. लहानपणी शाळेच्या आधी त्या हे करायच्या, कोपरापर्यंत हात ओले. पोरगा म्हणाला छाटण्या आमच्याही दोन, पण पीक एकच घेतो, आणि मणी फुगवायचा नाही, उलट लहानच हवा, कारण लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीत असतो आणि लहान मण्यात रसाच्या मानानं साल जास्त. खायचं द्राक्ष १८ ब्रिक्सच्या (हे रसातल्या साखरेचं माप) आसपास तोडतात, इथे २२-२४ पर्यंत थांबतात, तीच साखर पुढे आंबून दारू होते. आईंनी एक मणी चावला, बी बाजूला थुंकली, म्हणाल्या, "गोड आहे की. थॉमसनपेक्षा गोड." (थॉमसन म्हणजे खायच्या द्राक्षाची जात.) आणि लगेच, "बी काढत बसायला वेळ कुणाला आहे पण."

आतला भाग मला आवडला त्याच्या थंडाव्यासाठी. स्टीलच्या उंच टाक्या, बाहेरून गार ठेवणारं जॅकेट, पांढरी वाइन साधारण १२ ते १६ अंशांत आंबवतात, वास उडू नये म्हणून, लाल त्याहून गरम. काळ्या द्राक्षाचाही रस पांढराच, सालीसकट आंबवला तर लाल, हे आईंना सांगावं लागलं नाही. पुढे ओकची पिंपं, एकेकात २२५ लिटर, तिथे लोणच्याच्या खोलीत येतो तसा काहीतरी मुरत असल्याचा वास.

आणि मग टेस्टिंग. ड्रायव्हर नवरा, म्हणून त्याने फक्त वास घ्यायचा असं घरूनच ठरलेलं. पहिला ग्लास सॉव्हिन्यॉन ब्लाँ, याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन. कसला वास येतो विचारल्यावर नवरा लिंबू म्हणाला, मी सफरचंद म्हणाले (काहीही), आई ग्लासात नाक घालून म्हणाल्या, "ढोबळी मिरची. आत्ता चिरलेली. आणि मागे पेरू." पोरगा बघतच राहिला. नेमकं तेच त्याला सांगायचं होतं, या द्राक्षाची ओळखच ती. चाळीस वर्षं रोज भाजी चिरणाऱ्या बाईचं नाक आहे, त्याला कुठे कोर्स लागतो. शिराझचा एक घोट घेऊन मात्र तोंड वाकडं, "जांभळाची बी चावल्यासारखं झालं." तोही म्हणे बरोबरच, तो तुरटपणा साली-बियांचाच. पण दुसरा घोट काही घेतला नाही.

टिपा: टूरची वेळ आधी ऑनलाइन घ्या, शुक्रवारी आम्हाला निवांत मिळालं पण शनिवार-रविवारी भरपूर लोक असतात. वयाचा पुरावा जवळ ठेवा. रिकाम्या पोटी टेस्टिंग करू नका, घोट छोटे वाटतात पण पाच-सहा होतात. सगळ्यांना चाखायचं असेल तर सरळ टॅक्सी करा. बागेत चालायचं म्हणून बंद बूट. तोडणी बघायची तर जानेवारी ते मार्चची सुरुवात, पावसाळ्यात डोंगर हिरवे दिसतील पण घड नाही.

शनिवार, कालिदास

सकाळी मिसळ, काळा रस्सा, वर पापड, बाजूला दही. मग पंचवटी, गोदाघाट, यावर लोकांनी भरपूर लिहिलंय, मी नाही लिहीत. दुपारी मात्र ऊन टाळायला सार्वजनिक वाचनालयात डोकावलो, संस्था १८४० ची, म्हणजे विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिलं नाटक केलं त्या १८४३ च्याही आधीची. नाशिकला नाटकाचं वेड कुठून आलं असेल असं वाटायला लागतं. नाटककार वसंत कानेटकर इथेच राहिले, कुसुमाग्रज इथलेच.

संध्याकाळी महाकवी कालिदास कलामंदिर. शालिमारच्या भागात गाडी घालू नका, रिक्षा करा. तिसरी घंटा, पडदा, नांदी. आईंनी पदराखाली हात जोडलेले मी पाहिले.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं सौभद्र १८८२ चं. मला भीती होती की मी झोपणार. नाही झोपले, कारण नाटक महाभारतातलं असलं तरी घर आपलंच आहे. बहिणीचं लग्न मोठ्या भावाने भलत्याच ठिकाणी ठरवलंय, धाकटा भाऊ समोर हो हो म्हणतोय आणि मागून सूत्रं हलवतोय, वहिनीला अर्धंच माहीत असल्यामुळे ती रुसलीय, आणि जावई संन्याशाच्या वेषात घरात येऊन बसलाय. आमच्या नात्यात असं एक लग्न प्रत्यक्ष झालंय, संन्यासी सोडून. पूर्वी रात्रभर चालायचं, हा दौऱ्यावरचा प्रयोग तीन तासांत बसवलेला. ऑर्गन खराखुरा, पायाने भाता मारायचा, पहिल्या रांगेतल्यांना त्याचं धापा टाकणंसुद्धा ऐकू येत असेल.

आई पदाच्या अर्धी मात्रा आधी ओठ हलवत होत्या. शेजारचे आजोबा तर गद्यही पुटपुटत होते, नटाआधी. कृष्ण रुक्मिणीची समजूत काढतो ते "नच सुंदरी करू कोपा" संपलं आणि वन्समोर आला, कृष्णाने ऑर्गनकडे बघून मान तुकवली आणि पुन्हा घेतलं, या वेळी तान वेगळी, पहिलीपेक्षा लांब, आणि समेवर आला तेव्हा आजोबांनी माझ्याच गुडघ्यावर थाप मारली. लगेच "सॉरी सॉरी" म्हणाले. मागच्या तीन रांगा कॉलेजच्या पोरांच्या होत्या, आधी खुसखुसत होती, वन्समोरला त्यांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

मध्यंतरात बटाटेवडा खाताना आई म्हणाल्या, "परवा पेंद्याला घेऊन दाण मागत होता, आज बायकोची मनधरणी करतोय. लग्न झालं की सगळ्यांचं असंच." मग थोडं थांबून, "पण परवाचा जास्त खरा वाटला मला. पावसात उभा होता ना." नवरा वाद घालायला लागला की गाण्याची तयारी बघ, आवाज बघ. आईंचं म्हणणं, तयारी दोघांचीही, याच्या अंगावर छप्पर आहे एवढंच. दुसरी घंटा झाली म्हणून वाद राहिला.

टीप म्हणून एकच. संगीत नाटकाला पहिल्या दोन रांगांचा हट्ट धरू नका, पाचवी-सहावी रांग मधोमध घ्या, ऑर्गन, तबला आणि गळा तिथे एकत्र येतात. कथा आधी वाचून जा, मग गाणं ऐकायला डोकं मोकळं राहतं.

रविवार, परत

सिन्नरच्या अलीकडे रस्त्याकडेला द्राक्षांचे स्टॉल. पहिल्या स्टॉलवर आईंनी देठ बघितला, तपकिरी, परत गाडीत. दुसऱ्यावर मण्यावरची पांढरी धूळ पुसलेली, "हाताळलाय फार", परत गाडीत. तिसऱ्यावर देठ हिरवा, मणी टणक, दोन पेट्या घेतल्या. मला वाटलं एक मामेसासूबाईंना.

नारायणगाव आलं तसं म्हणाल्या, थांबव. गुरुवारची राहुटी होती, फलक होता, आत डायरी घेऊन बसलेला मॅनेजर होता, बाई नव्हत्या. फड काल रात्रीच पुढच्या गावाला गेला, ट्रक परवा येईल, नाहीतर तिकडून तिकडे. आईंनी गावाचं नाव विचारलं, आमच्या वाटेवरचं नव्हतं. मग पेटी उघडली, वरचे दोन घड मॅनेजरच्या हातात ठेवले, "हे तुमचे", आणि पेटी परत बांधून त्याच्या टेबलाखाली सरकवली. "सावलीत ठेवा. ढोलकीवाल्यालाही द्या म्हणावं."

चाकणला पुन्हा जे व्हायचं ते झालं.